सरांनी खो दिलाय

मंडळी, सगळे आलात, बरं केलंत. पण मोबाईल बंद करायला विसरलात. सरांना जाऊन अजून आठवडा झाला नाही आणि त्यांचा पहिलाच नियम विसरलात? फोन वाजला की मैदानाला पाच फेऱ्या. आत्ता दोघांचे वाजले. कुणाचे, ते मी बघून ठेवलंय. सभा संपली की पळा.

मी रुबीनाची दादी. मार्केट यार्डात लसूण विकते. भाषण मला येत नाही. कागद आणला नाही. आणला असता तर उलटा धरला असता, मला अक्षर कुठे कळतंय? समोर सरांच्या पत्नी सुमनताई बसल्यात, शेजारी सरांची खुर्ची रिकामी आहे. तिकडे मी बघत नाही. रडून झालंय माझं घरी. इथे मला तुमच्याकडून एक काम करून घ्यायचंय.

ढमढेरे सर धावायला शिकवायचे, हे सगळ्यांना माहीत. पण धावणारी पोरं ते धावण्याच्या मैदानावर शोधायचे नाहीत. कबड्डी चाललीय, तिथे जा. आखाड्यात जा. मल्लखांबाच्या वर्गात जा. कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघत बसायचं. लोकांना वाटायचं, हे गृहस्थ जावई शोधताहेत. तसेच एकदा खो-खोच्या सामन्याला गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लसणासमोर हजर.

"दादी, तुमची नात मला द्या."

मी म्हटलं, "कशी देऊ? किलोवर की नगावर?"

"थट्टा नाही. तिला मी पळवतो."

"अहो, हळू बोला! भर बाजारात असं म्हणालात तर हमाल धरून चोपतील."

तेव्हा कुठे हसले. मग मी खरं विचारलं. म्हटलं, सर, ती खो-खोची पोर. वाकून पळते, नागमोडी पळते, क्षणाक्षणाला मागे वळून बघते. तुमच्याकडे सरळ रेघेत पळायचं. एका खेळातलं माणूस दुसऱ्या खेळात कसं चालायचं?

सर म्हणाले, "तुम्ही आधी काय विकायचात?"

"कांदा."

"आता?"

"लसूण."

"मग तराजू बदललात का?"

मला गप्प करणारी माणसं या पुण्यात फार नाहीत. आता एक कमी झालं.

सगळ्यांचं जमलं का? नाही जमलं. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलतात म्हणून खोटं नाही बोलणार. एक पैलवान आणला होता गोळाफेकीला. त्यानं गोळा असा कवटाळला की सोडेचना. गेला परत आखाड्यात. तो बघा, तिसऱ्या रांगेत बसलाय, सगळ्यात जास्त तोच रडतोय. मल्लखांबाच्या पोरीला बांबू देऊन उंच उडी मारायला सांगितली, तर ती बांबूवर चढून वरच बसली. "आता काय करू, सर?" म्हणून वरून विचारते! आज तीच पोर बांबूवरून अशी पलीकडे जाते की बघणाऱ्याची मान दुखते.

आणि आमची रुबीना. तिची गंमत तुम्हाला आठवते, तुम्हीच तर पोट धरून हसला होतात. चौघींनी मिळून पळायची शर्यत. एकीनं पळत जायचं, पुढचीच्या हातात ती काठी द्यायची. बॅटन म्हणतात, मी लाटणं म्हणते, कारण घरी सराव माझ्याच लाटण्यावर झाला आणि पोळ्या मी बाटलीनं लाटल्या. तर पहिल्याच शर्यतीत रुबीना जिवाच्या आकांतानं पळाली, पुढच्या पोरीच्या हातात काठी दिली, जोरात ओरडली "खो!" आणि तिथेच, मैदानाच्या मधोमध, खाली बसली.

खो-खोत तसंच असतं ना? खो दिला की ज्याला दिला तो उठतो, आणि देणारा त्याच्या जागी बसतो. लहानपणापासून तेच केलं पोरीनं. पायांना काय ठाऊक खेळ बदललाय?

सगळं मैदान हसलं. खो-खोचे मोहिते मास्तर सगळ्यात मोठ्यानं हसले. मास्तर, खाली बघू नका, मी रागावले नाही, मीही हसले होते. पोर मात्र तोंड झाकून तिथेच बसून राहिली. कुणी तिच्याकडे गेलं नाही. सर गेले. आणि जाऊन काय केलं? तिच्या शेजारी मातीत मांडी घातली.

"काठी पडली का गं?"

"नाही सर."

"पुढचीनं मागं बघितलं का?"

"नाही सर."

"मागून हात लागला की न बघता सुटायचं, हे शिकवता शिकवता माझे केस गेले. तू नुसता खो दिलास आणि ती सुटली. आता फक्त बसू नकोस म्हणजे झालं."

त्या दिवसापासून त्या चौघी, खो-खोची रुबीना, कबड्डीच्या दोघी आणि फुटबॉलची एक, काठी देताना खो म्हणूनच ओरडतात. इतर संघ हसतात. हसू देत. हसताना दम लागतो, आपलाच फायदा.

आता कामाचं बोलते.

येत्या रविवारी बालेवाडीला राज्याच्या संघाची निवड आहे. त्यासाठीच सर मंगळवारी सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा आखत होते. चौथी रेघ अर्धी झाली. दमले म्हणून चुन्याच्या पोत्यावर बसले. ते उठलेच नाहीत.

वैकुंठ स्मशानातून परत येताना आपल्या मंडळाचे अध्यक्षसाहेब म्हणाले, पोरींचं नाव मागे घेऊ. शोक म्हणून. आणि हळूच पुढे म्हणाले, "तशाही त्या दुसऱ्या खेळांतल्या. सर होते तोवर ठीक होतं." साहेब, तुम्ही हळू बोललात, पण आयुष्यभर बाजारात बसलेय मी, माझे कान तयार आहेत. घरी आल्यावर रुबीनानं बूट माळ्यावर टाकले. म्हणाली, "दादी, संपलं. मी जाते परत खो-खोला." मोहिते मास्तर तर तिची जागा धरूनच बसलेत.

मी तिला म्हटलं, जा की. खो-खो काय वाईट आहे? पण मग खो-खोचा नियम नीट पाळ. पाठीला हात लागला, खो ऐकू आला, की उठावं लागतं. "आज नको, आज मला वाईट वाटतंय," असं म्हणता येतं का, मास्तर? सांगा. नाही ना येत? आणि उठून पळत सुटल्यावर मध्येच मागे फिरता येतं? तेही नाही.

मग सरांनी काय केलं मंगळवारी? खो दिला आणि बसले. खेळाच्या नियमानं बसले. आता उठायचं कुणी?

साहेब, शोक कसा करायचा हे मला तुम्ही शिकवू नका. तीन माणसं पुरलीत मी. नाव मागे घेतलंत तर सर हयातभर जे म्हणत होते ते खोटं होतं, असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होईल. पोरी हरल्या तर हरू देत. पण पळून हरतील. नाव राहणार ना? नुसतं हं नको, मान हलवा, मागच्यांना दिसू दे. हलली. बघितलंत सगळ्यांनी?

आणि ती अर्धी रेघ उद्या सकाळी रुबीनानं पुरी करायची. पैलवान, चुन्याचं पोतं तू उचलून तिथे टाक. तेवढं तरी सोडता येईल तुला.

आता शांतता. सभेत सगळे उभे राहून शांत राहतात. आज तसं नको. खुर्च्या सोडा, खाली बसा, खो-खोत बसतात तसे. गुडघे दुखणाऱ्यांनी बसल्यासारखं करा. डोळे मिटा. सरांचा आवाज आठवा, शिट्टी आठवा. मी मागून येईन आणि एका पोरीच्या पाठीला हात लावीन. ती उठली की तुम्ही उठा. तोवर कुणी हलायचं नाही. आणि तो फोन बंद करा.

…

उठली. शाब्बास.

बसा आता वर. जेवणाचं सांगते आणि गप्प होते. सरांच्या घरी चूल पेटलेली नाही. आमच्यात तशीच रीत आहे, तुमच्यातही. पण रोज सगळ्यांच्या घरून पिठलं-भातच येतोय, आणि सुमनताई दोन घास खाऊन ताट सारतात. उद्यापासून पिठलं बंद. मटकीची उसळ पाठवा, तिखट, वर लिंबू. ती त्यांना आवडते, पण सरांना चालायची नाही म्हणून कित्येक वर्षं केलेली नाही. रविवारी पोरींना दहीभात आणि केळी पाठवा, तळलेलं काही नको. आणि सुमनताईंचा उसळीचा डबा त्या दिवशी घरी पाठवू नका. बालेवाडीला पाठवा. त्या तिथे जेवतील.