पाल्याची करंडी

(हूचौजवळचं एक गाव. रेशीमकिडे वाढवायच्या महिन्यात बंद ठेवलेलं दार. आत रुईझेन, अंगणात तिचा मामा फूगन.)

मामा – दार उघडू नकोस. तिथूनच बोल.

रुईझेन – उघडतेय कशाला? या महिन्यात कुणी कुणाच्या दारात येतं का, मामा? आई असती तर काठी घेऊन धावली असती.

मामा – पहाटे उंबऱ्याशी तुतीचा पाला ठेवला होता. घातलास?

रुईझेन – केव्हाच. अधाशासारखे तुटून पडले. दोन दिवसांत कोश विणायला घेतील.

मामा – सगळ्यांना घातलास?

रुईझेन – असं का विचारताय?

मामा – रुई, तो पाला ज्या करंडीतून आणला ती काल माझ्याबरोबर डोंगरावर होती. आत्ता बघतो तर विणीत पांढरं.

रुईझेन – कसलं पांढरं?

मामा – वनखात्याची भुकटी. बुरशीची. पाइनवरच्या सुरवंटांसाठी उडवतो ती.

रुईझेन – तुम्ही तर अंघोळ केल्याशिवाय इकडे फिरकत नाही.

मामा – केली होती. कपडे बदलले, चपला बदलल्या. करंडी डोक्यातच आली नाही.

रुईझेन – पण तुतीच्या गावांजवळ ती उडवत नाहीत ना? तुम्हीच सांगायचात. तिला सुरवंट काय आणि रेशीमकिडा काय, सारखेच.

मामा – खात्याने नाही उडवली. मी उडवली. तुझ्या आईच्या थडग्यावरच्या पाइनांना एक हिरवी सुई राहिली नव्हती. ताई उन्हात पडली होती गं.

रुईझेन – म्हणून तिचेच किडे...

मामा – बोल. काय बोलायचं ते बोल.

रुईझेन – सगळ्या गावाने कारखान्याची अंडी घेतली, तरी तिने हे वाण सोडलं नाही. आता दुसऱ्या कुणाकडे नाही, मामा. एकाकडेही नाही.

मामा – चुना आहे घरात?

रुईझेन – आहे.

मामा – उरलेला पाला काढून जाळ. किड्यांवर चुना भुरभुर. शेगडी पेटव, खोली कोरडी कर. ओल मिळाली नाही तर बुरशी रुजत नाही.

रुईझेन – वाचतील?

मामा – काही कोश करतील. त्यातून पतंग बाहेर येतील, असं मी सांगणार नाही.

रुईझेन – पतंग नाहीत तर अंडी नाहीत.

मामा – नाहीत.

रुईझेन – थांबा, चुना काढते.

मामा – रुई? कात टाकायला निजलेले आहेत का कुणी?

रुईझेन – मागच्या खोलीत थोडे. मागे पडलेले. आई असले कोंबड्यांना घालायची. मला घालवेनात.

मामा – त्यांना हा पाला?

रुईझेन – निजलेले कधी खातात का?

मामा – त्या खोलीत गेली होतीस सकाळपासून?

रुईझेन – नाही.

मामा – मग जाऊ नकोस. आधी केस धू, अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात टाक.

रुईझेन – उठले की भुकेले असतील.

मामा – पाला मी आणतो. नवी करंडी घेतो बाजारातून.

रुईझेन – बाजारातली कुठे कुठे फिरून आलेली असेल. तुमच्या डाव्या हाताला, खुंटीवर आईची आहे.

मामा – तिला तू कुणाला हात लावू देत नाहीस.

रुईझेन – ती गेल्यापासून करंडी कुठेच गेलेली नाही.

मामा – काढू?

रुईझेन – आधी अंघोळ करून या.