तांब्याची लाट

—नाही गं ऋतिका, भाषणबिषण नको. बस, पंखा लावते. तुमच्या कॉलेजाने आठवण काढली हेच पुष्कळ. आणि आता तुमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर, बटण दाबलं की आलेख — आमच्या वेळी केसाएवढ्या बारीक नळीतून पारा थेंबथेंब पडायचा आणि आम्ही श्वास धरून बसायचो. आधी द्रावणात नायट्रोजन सोडायचा, आतला प्राणवायू घालवायचा, मग मोजायचं. काय मोजायचं? तांबं. पाण्यात तांब्याचा क्षार, त्यात ते औषध टाकायचं, पेनिसिलामाइन — ते तांब्याला धरतं. किती घट्ट? पाऱ्याच्या थेंबातून वीज सोडली की आलेखावर तांब्याची लाट उठते; जेवढी पकड घट्ट, तेवढी ती बाजूला सरकते. एवढीच माझी पीएच.डी.

विषय मीच मागून घेतला. का म्हणजे — हितेंद्र, माझा धाकटा भाऊ. इथे घोडपदेवला भजनात पखवाज वाजवायचा, काय बोटं चालायची त्याची — आणि एका गणपतीत हात थरथरायला लागले. पोरं म्हणाली, पितो. कसला पितोय! शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांना बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसलं. विल्सनचा आजार — अंगातलं तांबं बाहेरच पडत नाही, यकृतात साठतं, मेंदूत साठतं. गोळी कुठली? तीच. जन्मभर घ्यायची, बास. घेतली त्याने, हळूहळू पखवाज पुन्हा धरला. मला न्यायला लॅबमध्ये यायचा, थेंब बघत उभा राहायचा — "ताई, माझ्या पोटात पण हेच चाललंय ना? पकडलं बघ, पकडलं!"

मग लग्न ठरलं. लतिका, लालबागची. आई म्हणाली सांगून टाकू, तो म्हणाला मी सांगतो. सांगितलं नाही. लग्नानंतर तिने डबी बघून विचारलं, तर म्हणे व्हिटॅमिनच्या गोळ्या. तिचं काय चुकलं? काही नाही. विचारलं, एवढंच. पण हा घाबरला, आणि गोळ्या घेईनासाच झाला. बरा होता ना — हात स्थिर, वाजवणं चालू. आम्हाला कळलं ते डोळे पिवळे झाल्यावर. हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, कधीपासून बंद केल्यास रे? तर म्हणाला, "ताई, तिला आजारी नवरा द्यायचा नव्हता." डॉक्टरांना हात जोडले त्याने, तिला फक्त कावीळ म्हणून सांगा. गोळी परत चालू केली त्यांनी, पण यकृत गेलंच होतं.

सकाळी गेला. माणसं त्याला घेऊन निघाली, बायका घरात रडत होत्या, आणि मी — मी चप्पल घातली, बस पकडली आणि लॅबला गेले. द्रावण करून ठेवलेलं होतं, वाया गेलं असतं. नायट्रोजन सोडला, औषध टाकलं, थेंब पडत राहिले. लाट सरकली, अगदी स्वच्छ. तशी पुन्हा कधी आली नाही. प्रबंधात आहे ती, सर खूश झाले होते. रडले? नाही. अजून नाही. काही वाटतच नाही बघ, दात काढताना इंजेक्शन देतात ना, तसं.

लतिका? इथेच असते, माझ्याबरोबर. तिने दुसरं लग्न केलं नाही, मी पहिलंच केलं नाही — आई गेल्यापासून दोघीच. तिला अजून वाटतं काविळीने गेला. सांगू काय? तुला कळू नये म्हणून मेला, असं सांगू? परवा म्हणाली, वन्सं, तुमचं ते काम नेमकं काय होतं हो, मला कधी सांगितलंच नाहीत. मी म्हटलं, पाण्यातलं तांबं मोजायचं, कंटाळवाणं असतं. आणि तुम्ही मला स्टेजवर उभी करणार, आजार, औषध, सगळं बोलायला लावणार, आणि ती पहिल्या रांगेत नवी साडी नेसून —

थांब. तिचीच पावलं.

ये गं लतिका. ही ऋतिका, कॉलेजातून आलीय. नाही गं, काही नाही, कुणाचा तरी पत्ता हवा होता तिला. मिळाला. निघालीच होती ती. —नीघ तू, ऋतिका. जिन्यात दिवा नाही, सांभाळून उतर.