शेवटच्या फेरीआधीचे थेंब

अहो, नाक चोंदलं होतं माझं, हृदय नाही! पण ऐकतंय कोण?

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं बस चालवली, बंदर ते वरचं देऊळ, आणि निवृत्तीच्या दिवशी, शेवटच्या फेरीला, सर्दी! आता पांढरे हातमोजे घालून प्रवाशांसमोर फर्रकन नाक शिंकरायचं? आपल्याकडे, जिथे चारचौघांत नाक शिंकरणं असभ्य? शोभतं का? म्हणून घरी नाक मोकळं करायच्या दोन गोळ्या घेतल्या, वर नाकात थेंब, डेपोच्या दारात आणखी थेंब...

आणि आमची बायको हिसाए देवळाच्या स्टॉपवर फुलं घेऊन थांबणार. एकतीस वर्षांत माझ्या बसमध्ये बसली नाही बाई, म्हणे तुमचं लक्ष उडेल. आज बसणार होती.

डेपोत आधी फुंकर मारायची, दारू प्यायलेला नाही म्हणून, मग रक्तदाबाच्या यंत्रात दंड घालायचा. घातला. एकशे ब्याऐंशी! हिगाशिदे, माझ्याच हाताखाली शिकलेला, आज साहेब, किल्ल्या त्याच्याकडे... मान लववून म्हणतो, "कुरोइवासाहेब, दहा मिनिटं बसा, परत मोजू." बसलो. छातीत धडधड, आणि नाक परत बंद. मग मी काय केलं असेल? थेंब! एकशे एक्क्याण्णव.

कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या थंडपणे, "नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून नाक मोकळं होतं. पण औषध नाकापाशी थांबत नाही. अंगभर वाहिन्या आवळल्या, की हृदयाला जोर लावून रक्त ढकलावं लागतं. आज गाडी नाही." म्हटलं, बाई, नाक चोंदलंय, हृदय नाही! त्यांनी फोन ठेवला होता.

बस हिगाशिदेनं काढली. मी मागे, सामानासारखा. देवळापाशी दार उघडलं, हिसाएनं आधी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गोळ्या घेतल्यात ना? खोक्यावर लिहिलंय, रक्तदाब असेल तर घेऊ नका."

"चष्मा नव्हता गं."

फुलं माझ्या मांडीवर ठेवून शेजारी बसली. खालच्या वळणावर समुद्र दिसतो म्हणतात, मी तिथे जन्मभर आरसाच बघत आलो. आज समुद्र पाहिला. रडू आलं, खोटं कशाला बोलू?

निरोपाचा चहा झाला, कपाट रिकामं केलं, तीन वाजले. जाता जाता यंत्रात दंड घातला. एकशे सव्वीस! औषध उतरलं होतं. हिगाशिदेनं कागद पाहिला, सवयीनं शिक्का मारला, मान लववली.

"हरकत नाही, कुरोइवासाहेब. आता चालवा."

काय चालवू? सायकल? तीही दुपारी घरी जाऊन हिसाएच चालवत घेऊन आली होती डेपोत... आणि नाक? ते अजून बंदच आहे हो.