राजाचा झगा आणि मामाची कात्री

चूक मामाची. नंतर कुणी म्हणायला नको की मी आडून बोललो, म्हणून आधीच सांगतो. कॉलेज सोडल्याची शिक्षा म्हणून मला याच सख्ख्या मामाच्या शिवणाच्या दुकानात बसवलंय. तर नाटक कंपनीने राजाचा झगा शिवायला टाकला, मखमलीचा, कडेने फर, आणि कपडेपट सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "जमला, तर शिवणाऱ्याला कंपनीतच घेऊ." तुम्हाला सांगतो, मला दुकानाबाहेरचा रस्ता दिसायला लागला...

आता फर म्हणजे कापडावर केस, आणि केसांना दिशा असते. मांजरावर उलटा हात फिरवून बघा, मांजर समजावून सांगेल. मामाने काय करावं? फर आडवी दुमडली आणि दोन्ही पट्ट्या एकदम कापल्या! मी म्हटलं, "मामा, केस..." तर म्हणे, "गप. तुझ्या जन्माआधीपासून कात्री धरतोय." दुकानभर केस उडाले, मामी शिंकतेय, गिऱ्हाईक शिंकतंय, आणि झग्याच्या डाव्या बाजूचे केस खाली, उजवीचे वर. तो घालून राजा अर्धाच घाबरल्यासारखा दिसला असता.

मग मी उजवी पट्टी उसवली, फिरवली, तर मानेची गोलाई पायाशी आली. ती मागच्या बाजूने ब्लेडने कापली, नुसतं कापड, केसाला धक्का नाही, आणि वर जोडली. शिवणीत अडकलेले केस सुईने बाहेर ओढले, जोड दिसेनासा झाला. माणसांचे जोड असे कुठे झाकता येतात?

तालमीला राजा झालेला नट बसला, तर झगा मागे ओढला जाऊन त्याचा गळा आवळला. मामा म्हणे, "त्याला ताठ बसायला सांग. जन्माआधीपासून..." हो, कात्री, माहितीये. मी झगा सदऱ्याला टाचला, सदरा फाटला. ती चूक माझी, लिहून घ्या. मग आतून खांद्यांना पट्टे लावले, छातीवर फुली करून कमरेला बांधले. भार अंगावर गेला, गळा सुटला, राजा बोलायला लागला.

बाईंनी विचारलं, "कुणी केलं हे?"

मामाने हातातली कात्री पाठीमागे लपवली. माझ्याकडे बघत राहिला, मिशीत फरचे केस घेऊन, शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरासारखा... आणि मी, ज्याने घरात एकाही मोठ्याचं कधी ऐकून घेतलं नाही, तो म्हणालो, "मामाने." का? मीही तेच विचारतोय.

कंपनीतली जागा मामाला मिळाली. दुकान मी उघडतो.