गाडग्यातला गंज

…बस की आधी. उभ्यानं काय गिळतोस? हे घे, मक्याची केंकी गरम आहे, पान सोलताना बोटं सांभाळ — मासा संपला, तुझ्याच माणसांनी संपवला. पुलावर चढायचं नाही म्हणून बसलेत ना सगळे त्या झाडाखाली, रंगाचे डबे बंद, हातोड्या मांडीवर — आणि भूक बघ मेल्यांची! काय म्हणतात? सगळे खाली जेवत असताना वर कुणीतरी गंज खरवडतो? टक टक, टक टक? मग? येणारच ऐकू, आत्ताही येतंय बघ. माझा नवरा आहे तो. आगबेको.

घाबरलास? एवढा मुकादम तू, कुमासीचा — तुमच्याकडचे मेलेले गप्प बसतात वाटतं. हो, मागच्या वेळी पूल रंगवताना पडला. व्होल्टा नदीनं परत दिला नाही. आमच्यात असा माणूस जिथं गेला तिथंच अडकतो. घरच्यांनी तिथं जाऊन दारू ओतायची, नावानं हाका मारायच्या, तिथली माती गाडग्यात भरून गावी न्यायची — मग सुटतो. पुलावर माती कुठली? म्हणून त्याच्या भावांनी गंज खरवडला. कुठला? मधल्या कमानीचा! कुणा साहेबानं लांबून बोट दाखवलं, तिथला. गाडगं भरून नेलं, रडत रडत पुरलं, बकरं कापलं. मी बघत होते. त्या दिवशी जेवण घेऊन मीच आले होते, पडताना मीच पाहिला — पण विचारलं मला कुणी? धाकटी बायको, तिला कोण विचारतंय!

आणि आता तू आलास विचारायला. जागा दाखव मावशी, भावांना बोलावतो, नीट हाका मारून घरी नेतील. कुणाच्या घरी? काफुईच्या. थोरलीच्या अंगणात. जिवंत होता तेव्हा सणाला तिचा, तापाला माझा. आता कुठं रोज माझ्याजवळ आहे. नाही दाखवत, जा! — काय? मशीन आणणार? वाळूचा फवारा? सगळा पूल सोलून काढणार, जुना गंज कणभर ठेवणार नाही?

म्हणजे न्यायलाही काही उरणार नाही. ठेवायलाही नाही.

हे बघ, बाबा. एवढा थोरला पूल आहे. हातभर लोखंड सोड ना. एक सांधा. तेवढ्यानं काय पूल कोसळतोय? कोसळला तर माझ्या डोक्यावर कोसळेल, तुझ्या नाही! इतकी वर्षं बसतेय ना मी इथं? लोक म्हणाले, बाई, गाडीतळावर बस, सावली आहे, गिऱ्हाईक आहे — हलले का? तो पडला तेव्हाच्या पुरात पाणी पार या चुलीच्या जागेपर्यंत होतं, ते ओसरलं आणि दुसऱ्या दिवशी मी इथंच चूल मांडली. वरून गंज गळतो, पिठात पडतो, कपाळावर पडतो, लाल लाल — पुसत नाही मी. कशाला पुसू, त्याचाच हात —

वर काय बघतोस?

खाली बघ. ताटात बघ. वर काही नाही, जुना सांधा आहे नुसता — अरे, वर बघू नकोस म्हणते ना! ऊठ. पैसे नकोत तुझे. ऊठ आधी.

थांब. बोलू नकोस.

…टकटक थांबली.

ऐकलं त्यानं, तुला जागा कळली ते. जा तू.