आईच्या मशीनचं शटल

जुनं शिलाई मशीन दुरुस्त करणार म्हणताय ना, मग माझं ऐका.

आमच्या आईच्या मशीनचं शटल हरवलं. होडीसारखं लांबट शटल, आता कुठे बनत नाही. मी नोकरीला चेन्नईत, तंजावूरला आईकडे फक्त दिवाळीला जायचो. शटल हरवल्यापासून दर महिन्याला जायला लागलो. मशीनचा नंबर कागदावर लिहून दुकानं पालथी घालायची आणि हात हलवत परत यायचं.

आई म्हणायची, "नाही ना मिळालं? असू दे, पुढच्या महिन्यात बघ." आणि पान वाढायला घ्यायची.

अशी चार वर्षं गेली. यंदा आईच गेली. तेराव्यानंतरही मला राहवेना. कुणी सांगितलं म्हणून जवळच्याच पापनाशम गावच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तंबी, अरे बाळा, हाच नंबर घेऊन तुझी आई आली होती. शटल दिलं की मी तिला. तीन वर्षं झाली."

"मग मला कसं नाही बोलली?"

"मीही म्हटलं, मुलाला कळवा, उगाच शोधत फिरेल. तर म्हणाली, मिळालं म्हणून कळवलं, तर तो येईल कशाला?"