टुडे अधिक दोन

लोणावळ्याच्या आमच्या वनितामावशी घरातली एक खोली पर्यटकांना देतात. त्यांच्या सुनेने, प्राजक्ताने, बुकिंगची एक्सेल शीट केली. रकान्यांना ‘आगमन’, ‘मुक्काम’ अशी नावं दिली. निघण्याच्या तारखेत मात्र आगमन अधिक मुक्काम टाकायचं सोडून ‘टुडे’ अधिक दोन टाकलं. टुडे म्हणजे आजची तारीख. ती रोज पुढे सरकते.

शनिवारी नवं कुटुंब बॅगा घेऊन दारात उभं, आणि खोलीत आधीचे काका-काकू निवांत चहा पीत बसलेले.

“अवो, तुमी अजून हितंच?” मावशी हबकल्या.

काका म्हणाले, “कधी निघायचं ते आम्ही रोज सूनबाईंना विचारतो. त्या शीट बघून सांगतात, परवा.”

मावशींनी स्वतःची खोली नव्या पाहुण्यांना दिली. प्राजक्ताने तिथल्या तिथे फॉर्म्युला सुधारला.

“आता काय दाखवतंय?” काकूंनी विचारलं.

“मंगळवार,” प्राजक्ता म्हणाली. “मागचा.”